दुव्याची शेपटी आणि असईचा हरकारा

गेल्या रमजान ईदला जालन्यात बहिणीकडे गेलो होतो. शीरखुर्मा झाला, पाहुणे येऊन गेले. दुपारी घर जरा शांत झालं तशी भाची जवळ येऊन बसली. मोबाइल पुढे करत हळूच म्हणाली, "मामू, उनको मेरा नाम कैसा समज्या?"

गोष्ट अशी होती. तिची एक मैत्रीण, लग्न होऊन दोन वर्षं झालेली, सासरी त्रासात होती. 'खुला' म्हणजे काय, बाईला निकाहातून स्वतःहून मोकळं होण्याचा हक्क कसा असतो, हे समजावून सांगणारा एका महिला वकिलांचा व्हिडिओ भाचीने एका ॲपवर पाहिला. तिथलं 'शेअर'चं बटण दाबलं आणि दुवा मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर पाठवला. मैत्रिणीने तो आपल्या बहिणीला धाडला. बहिणीच्या घरात फोन एकच. तो दिराच्या हाती लागला. त्याने दुवा उघडला, तर व्हिडिओच्या आधी पडद्यावर भाचीचं नाव आणि फोटो आला : अमुक हिने हा व्हिडिओ तुमच्याशी शेअर केला आहे. भाचीने ना त्या बहिणीला कधी पाहिलं होतं, ना त्या दिराला. दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीच्या दारात चार माणसं उभी. 'तुमची मुलगी आमच्या सुनेला शिकवते' म्हणून बोलाचाली झाली. मैत्रिणीचा फोन काढून घेतला गेला.

भाचीने मला तो दुवा दाखवला. मूळ पत्ता एका ओळीचा. त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह आणि प्रश्नचिन्हापुढे अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक शेपटी. मी शेपटी खोडली आणि उरलेला पत्ता उघडला. व्हिडिओ तोच लागला, नाव मात्र कुणाचंच आलं नाही. म्हणजे त्या शेपटीचा व्हिडिओशी काही संबंध नव्हता. ती होती फक्त 'हे कोणी पाठवलं' याची नोंद ठेवायला.

तेव्हापासून ही शेपटी डोक्यातून जात नाही. इतिहास वाचण्याची खोड असल्यामुळे मन मागे मागे जात राहिलं आणि थांबलं ते आपल्याच जिल्ह्यात, असईच्या माळावर.

भोकरदन नावाचा घोटाळा

असई आज जालना जिल्ह्यातलं एक लहान गाव आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे व नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. इंग्रज सेनापती होता आर्थर वेलस्ली, पुढे ज्याने वॉटर्लूवर नेपोलियनला हरवलं आणि जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखला गेला, तोच. या लढाईतल्या तोफा, पलटणी आणि मेलेल्यांचे आकडे अनेकांनी लिहिले आहेत. माझं लक्ष वेधून घेतात ते हरकारे.

हरकारा म्हणजे बातमी नेणारा-आणणारा माणूस. कधी पायी, कधी फकिराच्या वेशात, कधी व्यापाऱ्याच्या तांड्यात. त्याचं काम दुहेरी होतं. तो तुमचं पत्र पोहोचवायचा आणि जिथे पोहोचवलं तिथलं पाहून यायचा. किती घोडे बांधलेत, धान्य कुठून येतं, कोण कोणाच्या डेऱ्यात जातं. पत्र नेणं हे उघड काम आणि पाहणं हे त्याच्याच पोटातलं काम. हरकारा आला की दोन्ही पक्षांना ठाऊक असायचं, याच्या हातात कागद आहे आणि डोळ्यांत आपली छावणी.

त्या सप्टेंबरात जालन्याचा किल्ला कर्नल स्टीव्हनसनने महिन्याच्या सुरुवातीलाच घेतला होता. २१ तारखेला वेलस्ली आणि स्टीव्हनसन बदनापूरला भेटले. ठरलं असं, की दोघांनी दोन वेगळ्या वाटांनी निघायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा. हरकाऱ्यांनी खबर दिली होती की शत्रूचा तळ भोकरदनला आहे. तो हिशेब धरून वेलस्ली निघाला. २३ तारखेला मुक्कामाच्या जागी पोचतो तर पकडून आणलेल्या बंजाऱ्यांकडून आणि हरकाऱ्यांकडून कळलं, की तळ लांब नाही, पाच-सहा मैलांवरच आहे. शिवाय घोडदळ निघून गेलं आहे आणि पायदळही निघण्याच्या बेतात आहे. स्टीव्हनसनची वाट न पाहता तो तसाच पुढे गेला. आणि समोर पाहिलं तर घोडदळासकट सगळीच्या सगळी फौज उभी.

नंतर लिहिलेल्या पत्रात वेलस्लीने हा घोटाळा उलगडला आहे. हरकारे खोटं बोलले नव्हते. भोकरदन हे गावाचंही नाव होतं आणि भोवतालच्या मुलखाचंही. हरकाऱ्यांनी मुलूख सांगितला, साहेबाने गाव समजलं. शिंद्यांचा तळ भोकरदनपासून असईच्या जवळपर्यंत पसरलेला होता. नदीला उतार नाही असं वाटाड्यांनी सांगितलं, तेव्हा वेलस्लीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. इंग्रजी कागदांत पीपलगाव आणि वारूर अशी नावं असलेली दोन गावं समोरासमोरच्या काठांवर दिसत होती. इतक्या जवळची दोन गावं आणि मधे जाण्यायेण्याची वाट नसेल, असं होणार नाही, हा त्याचा तर्क. उतार सापडला. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण त्यांची १,५०० हून अधिक माणसं मेली वा जखमी झाली.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी उचलतो. एक, पत्रातला मजकूर कळण्याआधी कोण कुठे आहे आणि कोण कोणाशी जोडलेलं आहे हे कळणं राज्यकर्त्यांना नेहमीच जास्त मोलाचं वाटलं आहे. दोन, अशी माहिती अर्धवट असली तरी तिच्यावर विसंबून निर्णय घेतले जातात आणि त्याची किंमत भलतेच लोक मोजतात. भाचीच्या मैत्रिणीच्या दिरालाही अर्धवटच कळलं होतं. फक्त एक नाव.

जासूद आणि तजस्सुस

बातमी आणि पाळत यांची ही जोडगोळी इंग्रजांनी आणलेली नाही. मुघलांच्या राज्यात सुभ्यासुभ्यांत वाकियानवीस असायचा. तो दरबाराच्या माहितीने उघडपणे बातम्या लिहायचा. त्याच्यावर नजर ठेवायला सवानिहनिगार. त्या दोघांनाही ठाऊक नसलेला खुफियानवीस. आणि तोंडी वा लेखी खबर घेऊन धावणारा हरकारा. चार माणसं, एकच सुभा आणि प्रत्येकाची वेगळी वही.

मराठ्यांकडे याच कामाला शब्द होता जासूद. पेशवाईच्या पत्रव्यवहारात 'जासूदजोडी' रवाना केल्याचे उल्लेख सतत येतात. तातडीचं पत्र दोन जासुदांच्या जोडीने जायचं. शिवछत्रपतींचे बहिर्जी नाईक तर सर्वांना ठाऊक आहेत. १६७९ च्या नोव्हेंबरात जालन्याच्या स्वारीवरून परतताना मराठी फौजेला संगमनेरजवळ मुघलांनी गाठलं, तेव्हा आडवाटेने पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेणारे बहिर्जीच होते असं बखरी सांगतात. जासूद हा शब्द अरबी 'जासूस'वरून आला. मराठीत त्याला पत्र नेणाऱ्याचा अर्थही चिकटला, कारण व्यवहारात माणूस एकच होता.

याच जासूसच्या धातूपासून 'तजस्सुस' हा शब्द होतो. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टी हुडकत फिरणं. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बाराव्या आयतीत याची साफ मनाई आहे आणि तीही संशय घेणं व पाठीमागे निंदा करणं या दोन गोष्टींच्या मधोमध. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. आधी संशय, मग हुडकाहुडकी, मग बदनामी. जालन्यातल्या त्या घरात नेमकं याच क्रमाने घडलं.

हजरत उमर यांची एक रिवायत आपल्याकडे वाजमध्ये अनेकदा सांगितली जाते. रात्री मदिन्यात गस्त घालताना एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत गेले, पाहतात तर माणूस दारू पीत बसलेला. त्याने उलट खलिफांनाच विचारलं : मी एक गुन्हा केला, तुम्ही तीन केले. हेरगिरी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात आणि सलाम करून परवानगी मागितली नाहीत. खलिफा त्याला सोडून परत फिरले. भिंतीवरून येणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला हा दाखला पुरतो. दुव्याची शेपटीही दारातून येत नाही.

पाठवणाऱ्याचं नाव नसलेलं पाकीट

हरकाऱ्याच्या जमान्यात पत्र कोणी धाडलं हे लपवणं अवघड होतं. ते सोपं झालं टपाल तिकिटाने. १८५४ मध्ये हिंदुस्थानात अंतराऐवजी वजनावर आकार घेणारी टपालव्यवस्था आणि देशभर चालणारी तिकिटं आली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. हैदराबाद संस्थानाने आपली तिकिटं १८६९ मध्ये काढली. पैसे आगाऊ भरलेले असल्याने टपालखात्याला पाठवणाऱ्याचं नाव विचारण्याची गरजच उरली नाही. तिकीट चिकटवा, पेटीत टाका, निघून जा. शिक्क्यावर गाव आणि तारीख उमटेल, ती सगळ्यांना दिसेल, पण माणूस कोण ते नाही. साध्या पत्राच्या बाबतीत हे आजही खरं आहे.

सरकारं अर्थात पत्रं फोडत होतीच. १८४४ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या इटालियन क्रांतिकारक मॅझिनीला संशय आला, म्हणून त्याने पाकिटांत खसखशीचे आणि वाळूचे दाणे घालून पत्रं टाकली. पाकिटं पोचली, दाणे गायब. पार्लमेंटात मोठा गोंधळ झाला. आपल्याकडे १८९८ च्या टपाल कायद्याने सार्वजनिक सुरक्षेच्या नावाखाली पत्रं अडवण्याचा अधिकार सरकारला दिला. तो अधिकार आणखी वाढवणारं विधेयक १९८६ मध्ये संसदेने संमत केलं, पण राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. २०२३ च्या नव्या टपाल कायद्यातही पत्रं अडवण्याची तरतूद आहेच. पण निदान तिथे कायद्याचं कलम आहे. सरकारला कारण सांगावं लागतं, त्याविरुद्ध कोर्टात जाता येतं.

माझ्या नानीकडे कराचीहून पत्रं यायची. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर नानीची मोठी बहीण नवऱ्यामागे तिकडे गेली आणि परत येणं झालं नाही. पत्रांत काही नसायचं. खैरियत, कुणाला मूल झालं, कुणाच्या घुडघ्याला दुखतंय. तरी पाकिटाच्या मागे मोठ्या खालाने कधी आपलं नाव-पत्ता लिहिला नाही. खालचा पत्ता लागे तेव्हा नानी तो आतल्या कागदावर मागवून घ्यायची. लहानपणी मी विचारलं होतं, नाव का नाही लिहीत? नानी म्हणाली, "बेटा, खत में क्या है कोई नै देखता. किसका है वो देखते."

मराठवाड्यातल्या कितीतरी मुसलमान घरांनी ती वर्षं अशीच काढली. पत्रात काय लिहिलंय यापेक्षा पत्र कुणाचं आहे, याची भीती. आज संगणकवाले ज्याला 'मेटाडेटा' म्हणतात, ते नानीला पाकीट पाहून कळलं होतं.

प्रश्नचिन्हाच्या पुढे

आता शेपटीकडे वळू. १९८९ ते ९१ च्या दरम्यान टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभं केलं, तेव्हा प्रत्येक पानाला एक पत्ता दिला. पत्त्यातलं प्रश्नचिन्ह नावाप्रमाणेच प्रश्नासाठी होतं. तुम्ही काही शोधत असाल तर तो शोधशब्द प्रश्नचिन्हापुढे जायचा आणि तिकडून उत्तर यायचं. म्हणजे ही जागा वाचकाची होती, वाचकाने विचारायची.

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी 'कुकी' आणली. संकेतस्थळाने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी चिठ्ठी. पुन्हा आलात की ओळख पटावी, खरेदीची टोपली रिकामी होऊ नये, हा हेतू. जाहिरात कंपन्यांनी लवकरच तिचा उपयोग एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर तुमचा माग काढायला सुरू केला. दरम्यान अर्चिन नावाची एक अमेरिकन कंपनी संकेतस्थळांना वाचक कुठून येतात याचा हिशेब ठेवून द्यायची. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली आणि त्यातून 'गूगल ॲनालिटिक्स' तयार झालं. आजही दुव्यांत 'यूटीएम' या अक्षरांनी सुरू होणारे तुकडे दिसतात. त्यातला 'यू' अर्चिनचा, 'टी' ट्रॅकिंगचा आणि 'एम' मॉड्यूलचा.

न्यायाने बोलायचं तर 'यूटीएम' बहुतेक वेळा फार खोडकर नसतं. हा वाचक फेसबुकवरून आला की पत्रिकेतून, एवढंच ते सांगतं. एखाद्या छोट्या वृत्तपत्राला ते कळणं गैर नाही. खरी गडबड झाली पुढे. कुकीवर लोक चिडले. ॲपलने २०१७ मध्ये आपल्या सफारी ब्राउझरमध्ये परक्या कुकींना लगाम घातला, इतरांनीही हळूहळू तसंच केलं. दार बंद झालं तशी भिंत चढणं सुरू झालं. जी खूण चिठ्ठीत ठेवता येत नव्हती ती पत्त्यातच शिवून टाकायची. २०१८ पासून फेसबुकवरून बाहेर पडणाऱ्या दुव्यांना 'एफबीसीएलआयडी' नावाची शेपटी लागू लागली. गूगलच्या जाहिरातींना 'जीसीएलआयडी' आधीपासून होती. इन्स्टाग्रामच्या दुव्यात 'आयजीएसएच', यूट्यूबच्या शेअर बटणातून निघालेल्या दुव्यात 'एसआय'.

यातल्या क्लिकच्या खुणा जाहिरातीच्या हिशेबासाठी. शेअरच्या खुणांची गोष्ट वेगळी आहे, आणि आपल्या घरांशी संबंध आहे तो त्यांचाच. तुम्ही बटण दाबताच ॲप त्या वेळेपुरता एक संकेत तयार करून दुव्याला जोडू शकतं. हा संकेत अमुक खात्याने, अमुक वाजता घेतला, अशी नोंद कंपनीच्या वहीत पडते. समोरच्याने दुवा उघडला की तोच संकेत त्याच्या फोनवरून परत येतो. वहीत दुसरी ओळ पडते. दोन ओळी जुळल्या की दोन माणसं जुळली. तो दुवा वीस जणांच्या ग्रुपवर गेला तर वीस ओळी. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सगळे संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद केले, हे खरं. मधे कुणी मजकूर वाचू शकत नाही. पण आपण त्या कुलूपबंद पेटीत स्वतःच्या हाताने हरकारा बसवून पाठवतो. पेटी उघडताच तो धावत परत जातो आणि सांगतो, कोणी पाठवलं, कोणी उघडलं.

असईचा हरकारा निदान दिसत होता. त्याला पकडता येत होतं, लाच देता येत होती, हाकलता येत होतं. या हरकाऱ्याला आपणच पोसतो आणि आपल्याच माणसांच्या घरी धाडतो.

सनद ठेवा, शेपटी कापा

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. बातमी कुठून आली हे कळायला नको का? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२१ च्या आयटी नियमांत सरकारने संदेशाचा पहिला पाठवणारा शोधून देण्याची अट घातली आणि व्हॉट्सॲप तिच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. अफवांचा मार खाल्लेल्या समाजाला 'मूळ कुठे आहे' हा प्रश्न हलका वाटू शकत नाही. आपण तो मार खाल्ला आहे.

पण दोन गोष्टींची गल्लत करू नये. आपल्याकडे हदीस सांगण्याआधी इस्नाद सांगण्याची रीत आहे. अमुकाने तमुकाकडून ऐकलं, तमुकाने अमक्याकडून. इमाम बुखारी आणि इमाम मुस्लिम यांच्या संग्रहांत प्रत्येक रिवायतीपुढे ही साखळी उभी आहे. साखळीतल्या माणसांची चारित्र्यं तपासणारं एक अख्खं शास्त्र त्यातून उभं राहिलं. ती साखळी का ठेवली? ऐकणाऱ्याला खरंखोटं पारखता यावं म्हणून. ती सर्वांसमोर उघडी होती आणि सांगणाऱ्याला आपण साखळीत आहोत हे ठाऊक होतं.

दुव्याच्या शेपटीत यातलं काहीच नाही. ती वाचणाऱ्याला बातमीच्या खरेपणाबद्दल काही सांगत नाही. ती लिहिली आहे कंपनीसाठी, कंपनीलाच वाचता येईल अशा लिपीत. म्हणून बातमी पुढे पाठवताना लेखकाचं नाव, वृत्तपत्राचं नाव, तारीख हे सगळं ठेवावं. ती आपली सनद. कापायची ती फक्त शेपटी. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर नेमकं उलटं चालतं. लेखकाचं नाव गाळून मजकूर फिरतो आणि शेपटी मात्र शाबूत राहते.

कापायची कशी

भाचीला जे शिकवलं तेच इथे लिहितो. दुवा पाठवायच्या आधी लिहिण्याच्या चौकटीत चिकटवा आणि प्रश्नचिन्ह शोधा. बातमीचा वा लेखाचा दुवा असेल तर बहुतेक वेळा प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं खोडलं तरी चालतं. खोडून झाल्यावर एकदा स्वतः उघडून पाहा.

सगळीच शेपटी टाकाऊ नसते. यूट्यूबच्या लांब पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे 'व्ही' बरोबर म्हणून जी अक्षरं असतात ती त्या व्हिडिओची ओळख असते. ती खोडली तर व्हिडिओच हरवेल. ती ठेवून त्यापुढचा 'एसआय'चा तुकडा काढावा. 'टी' असेल तर तो व्हिडिओ कितव्या सेकंदापासून लावायचा हे सांगतो, तो राहिला तरी बिघडत नाही.

काही दुवे आखूड केलेले असतात. त्यांत प्रश्नचिन्ह दिसत नाही, खूण पत्त्याच्या पोटातच असते. असा दुवा ॲपमध्ये न उघडता ब्राउझरमध्ये उघडावा, पूर्ण पान आल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता घ्यावा आणि मग शेपटी कापावी. उघडताना तुमची एक नोंद पडेल, पण पुढच्या वीस जणांची वाचेल.

ईमेलमधून आलेल्या दुव्यांबाबत जास्त जपावं. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, दवाखान्याचा रिपोर्ट, बँकेचा कागद यांच्या दुव्यात कधी कधी तुमची स्वतःची किल्ली असते. तो दुवा ज्याच्या हाती जाईल त्याला तुमचा कागद उघडता येतो. हे दुवे कापूनही पाठवू नयेत. मुख्य संकेतस्थळाचं नाव सांगावं आणि समोरच्याला स्वतःच्या वाटेने जाऊ द्यावं.

हे सारं हाताने करायचा कंटाळा असेल तर यंत्रंही आता मदतीला आहेत. फायरफॉक्सने २०२२ मध्ये ओळखीच्या खुणा छाटण्याची सोय दिली आणि पुढच्या वर्षी माग न ठेवणारा दुवा कॉपी करण्याचा पर्याय आणला. ॲपलने २०२३ च्या आयओएस १७ पासून संदेश, मेल आणि सफारीच्या खाजगी खिडकीत काही शेपट्या आपोआप काढायला सुरुवात केली. ब्रेव्ह ब्राउझरही ते करतो. पण कंपन्या नव्या नावाच्या शेपट्या काढत राहतात आणि छाटणाऱ्यांची यादी मागे पडते. तेव्हा डोळ्याला सवय लावणं बरं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. दोन्हींचं महत्त्व मी कमी लेखत नाही. पण ज्या मुलीचा फोन काढून घेतला गेला तिच्यापर्यंत नऊ न्यायाधीशांचा निकाल पोचायला किती वेळ लागतो, हे आपण सगळे जाणतो. तिच्या हातात एवढंच होतं की दुवा कोरा यावा. आणि ते पाठवणाऱ्याच्या हातात होतं.

मराठीत 'दुवा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक साखळीतली कडी. दुसरा आपल्या 'दुआ'तून आलेला, आशीर्वाद. भाचीने पाठवला तो दोन्ही अर्थांनी दुवा होता. मैत्रिणीचं भलं व्हावं म्हणून पाठवलेला. तिची चूक काही नव्हती. तिला फक्त कुणी सांगितलं नव्हतं की याच्या मागे एक माणूस चालत येतो.

आता आमच्या खानदानाच्या ग्रुपवर कुणी लांबलचक दुवा टाकला की भाची तोच दुवा कापून खाली परत टाकते. सुरुवातीला मोठ्यांना राग आला. आता तिची वाट पाहून मगच उघडतात. बहिणीशी परवा बोलणं झालं तेव्हा त्या मैत्रिणीची चौकशी केली. तिचा नंबर अजून बंदच लागतो.